घोंगडीचं वजन

दिवे गेले की कॅल्क्युलेटरही जातो,
उन्हावर चालणारा;
रात्री दोन वाजता मोखोत्लोंगच्या डोंगरात
ऊन कुठून आणायचं?
टॉर्च धरला त्याच्यावर. आठाचा अर्धा आकडा उगवला,
मावळला.
मग हातमोज्यांच्या खोक्यावर पेन्सिलीने मांडलं
शाळेतलं त्रैराशिक:

किलोला साडेसात मिलिग्रॅम,
तर सहा किलो चारशेला किती?
साडेसात सक पंचेचाळीस, वर तीन.
कुपीत एका मिलिलिटरला चाळीस.
म्हणजे एक, टिंब, दोन.
कालचाच आकडा. ताळा जमला.

टिंब मी जाड काढते.
मोलिएही हसते: हे टिंब की माशी?
ती नवीन आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही
बुथा-बुथेच्या वॉर्डातल्या त्या कागदाबद्दल,
ज्यावर टिंब इतकं पुसट होतं
की दिव्याखाली धरल्यावर दिसलं,
आणि तोवर सकाळ झाली होती.
अक्षर माझं नव्हतं.
तरी मी जाड काढते.

बाळाचं नाव खाउहेलो.
आईचं नाव माखाउहेलो.
इथे पहिलं मूल झालं की बाईचं जुनं नाव
खुंटीला लागतं,
ती मुलाच्या नावाने चालू लागते.
औषध देताना मला हे आठवू नये, पण आठवतं:
सिरिंजच्या टोकाशी नावं दोन असतात.

सुई टोचायला त्याला उचललं.
कोबो सोडली, तीन पट्ट्यांची, जाड, धुराचा वास असलेली,
आणि वहीला न कळलेलं हाताला कळलं.
एवढंच?
हा तर नुसता तोळामासा.

काल वजन केलंत तेव्हा ही काढली होती?
माखाउहेलो जमिनीकडे पाहते.
बर्फ पडत होता, मे.
तुम्हीच म्हणालात, राहू दे.

म्हणाले असेन.
काट्यासमोर मीच उभी होते.

घोंगडी एकटी ठेवली काट्यावर.
नऊशे ग्रॅम.
पाळण्याचं थंड पातं तळहातांनी चोळून चोळून
त्याला उघडा ठेवला,
तो रडलाही नाही नीट.
साडेपाच.

पुन्हा खोकं, पुन्हा पेन्सिल.
साडेसात पंचे साडेसदतीस, वर पावणेचार.
सव्वाएकेचाळीस.
एक मिलिलिटर, वर केसभर.
मोलिएहीने वेगळ्या कागदावर केलं,
माझ्याकडे न बघता, शिकवलंय तसं.
तिचंही तेच आलं. तिने टिंब जाड काढलं.

काल पावणेसात मिलिग्रॅम जेंटामायसिन
मी लोकरीच्या हिशोबाने दिलं.
लोकरीला मूत्रपिंडं नसतात.
ते सगळं ह्याच्याच अंगात गेलं.

लाल शाईने लिहिलं, वेळ घातली, सही केली.
डॉक्टरांचा फोन डोंगरापलीकडे; सातपर्यंत लागत नाही.
आईला सांगितलं. सोपं करून नव्हे,
होतं तसं.
ती बराच वेळ घोंगडीची कड दुमडत राहिली.
मग म्हणाली,
सासूची आहे ही. तिलाही कुणी कधी औषध दिलं नव्हतं.
हसली की काय ते अंधारात कळलं नाही.
मी हसले नाही.

आजचा डोस थांबवावा का?
पुस्तक उघडलं, कोष्टक बोटाने वाचलं.
ताप एकोणचाळीसवर. तासाभरात दिला,
नव्या वजनाचा, एक आणि केसभर.
मग बसून राहिले.
आता करायचं गणित फक्त एक,
आणि ते मला मांडायचं नव्हतं:
त्याला मांडायचं होतं.

तीन वाजता कोरडा.
साडेतीनला कोरडा.
मोलिएहीने स्टोव्ह पेटवला, चहा ओतला, कुणी प्यायला नाही.

चार दहाला माखाउहेलोने हाक मारली.
लंगोट काट्यावर ठेवला,
कोरा असतानाचं वजन वजा केलं.
बावीस ग्रॅम.
लिहिलं.
ह्यात टिंब नव्हतं,
तरी पेन्सिल कागदावर एकदा टेकली.